पासपोर्ट माझ्याकडे दे

आमच्या घरात काळजी करण्याचं खातं माझ्याकडे आहे. नवरा दूर अबू धाबीच्या टोकाला, रुवैसच्या रिफायनरीत. रविवारी संध्याकाळी बसने जातो तो शुक्रवारी उगवतो. मधल्या दिवसांत गॅस बंद केला का, कुणाचा एमिरेट्स आयडी संपत तर नाही ना, मुलगा अजून कसा आला नाही, हे सगळं बघायला बर दुबईच्या फ्लॅटमध्ये मी एकटी. मी एका क्लिनिकच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांचं रक्त तपासायचं आणि घरी येऊन स्वतःचं आटवायचं, असं नवरा माझ्याबद्दल चारचौघांत सांगतो. लोक हसतात, मीही हसते. पण कुणीतरी काळजी करायला हवी की नको?

मुलगा एकुलता एक. दुबईत जन्मला, दुबईत वाढला. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. लहानपणी मी रागवायचे, मग सोडून दिलं. तर या मुलाने बारावीच्या वर्षात, आम्हाला पत्ता लागू न देता, फ्रान्समधल्या लिऑन शहरातल्या एका स्वयंपाकाच्या शाळेत अर्ज केला. जूनमध्ये प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा त्याने ते प्रिंट काढून जेवणाच्या टेबलावर, माझ्या ताटाशेजारी ठेवलं. मी दोनदा वाचलं. तीन वर्षं. कोर्स सप्टेंबरात सुरू.

"म्हणजे आचारी होणार?" नणंदेने पुण्याहून फोनवर विचारलं. सासूबाईंना मी हॉटेल मॅनेजमेंट असं सांगितलं होतं. ते धड खोटंही नव्हतं आणि धड खरंही नव्हतं. पण खरं सांगायचं तर आचारी होण्याचं मला काही वाटत नव्हतं. पोरगं दहा वर्षांचं असल्यापासून माझ्या हातची चव ओळखतं, आमटीत गूळ पुढे गेला की मागे पडला हे सांगतं. मला खुपत होतं ते एवढंच, की तो जाणार. त्याने जाऊ नये असं मला वाटत होतं, आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण मला काही लपवता येत नाही.

नवऱ्याने तोडगा काढला. म्हणाला, "अगं, पोराला पाठवायचंच तर गाव तरी बघून येऊ. खाऊ, पिऊ, फिरू, तुझ्या मनाची समजूत पटेल. यल्ला, चला." रिफायनरी दुरुस्तीसाठी बंद ठेवतात त्या शटडाऊनच्या आधी त्याने आठवड्याची रजा टाकली. जुलैतल्या एका सोमवारी जायचं, रविवारी परत. आणि त्यानंतरच्या मंगळवारी दुबईतच मुलाच्या स्टुडंट व्हिसाची अपॉइंटमेंट होती, मूळ पासपोर्ट घेऊन. ती चुकली तर पुढची सप्टेंबरच्या मध्यावर मिळत होती, म्हणजे वर्ष गेलं. हे मी स्वतः कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून फ्रिजवर लावलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी गल्लीतल्या देवळात गेले. चपला ठेवल्या, फुलं घेतली, हात जोडले. प्रवास सुखाचा होऊ दे, असं म्हणायला गेले होते. तोंडून वेगळंच निघालं. म्हटलं, देवा, त्याचा व्हिसा नाही झाला तरी चालेल, तूच काय ते बघ. म्हणून झाल्यावर माझी मलाच लाज वाटली. प्रसाद न घेताच बाहेर आले.

लिऑन गाव सुंदर आहे, हे मी मान्य करते. दोन नद्या, मधे जुनं गाव, टेकडीवर पांढरं चर्च आणि त्याच्या खालच्या अंगाला रोमन लोकांचं दगडी नाट्यगृह. टेकडीवर जायला दोरखंडावर ओढली जाणारी गाडी. नवरा तिची यंत्रणाच बघत बसला आणि आमची एक गाडी चुकली. जुन्या गावात एक मजा आहे. घरांच्या आतून, अंगणांतून, जिन्यांखालून बोळ जातात. रस्त्यावरचं साधं दिसणारं दार ढकललं की अंधाऱ्या बोळातून दुसऱ्या रस्त्यावर निघायचं. पूर्वी रेशमाचे तागे पावसात भिजू नयेत म्हणून विणकर तिथून न्यायचे म्हणे. आत अजून माणसं राहतात, म्हणून 'आवाज करू नका' अशा पाट्या. मुलगा नकाशा न बघता एका बोळातून दुसऱ्यात शिरत होता, आणि मी मागून, "अरे, कुणाचं घर आहे ते, हाकलतील ना आपल्याला."

"आई, रिलॅक्स. इट्स अलाउड."

जेवणं तर विचारू नका. चौकड्यांच्या टेबलक्लॉथच्या छोट्या छोट्या खाणावळी, भिंतीवर जुनी भांडी. माझ्यापुढे माशाचा मऊ, फुगलेला गोळा आला, केशरी रश्शात पोहणारा. आम्ही कोकणातले, माशाला नाही म्हणत नाही. तो चांगला होता, मिठाला जरा कमी. नवऱ्याने ऐटीत सॉसेज मागवलं. ते आतड्यांचं निघालं. कापल्याबरोबर जो वास आला, त्याने आमचं सर्वभक्षी माणूस गप्पच झालं. मुलाने त्याची प्लेट स्वतःकडे ओढली, एक घास घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ चावत राहिला. मी त्याच्याकडे बघत होते. त्याचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. मला तिथेच कळलं की हा राहणार इथे.

एरवी माझं सगळं लक्ष खिसेकापूंवर होतं. निघायच्या आधी मी नेटवर फ्रान्समधल्या चोऱ्यांबद्दल इतकं वाचलं होतं, की विमानातून उतरल्यापासून प्रत्येक माणूस मला चोरच दिसत होता. माझा पासपोर्ट गळ्यातल्या पाऊचमध्ये, कुर्त्याच्या आत. नवऱ्याचा जॅकेटच्या आतल्या खिशात, त्या उन्हाळ्यातही जॅकेट सक्तीचं. मुलगा स्वतःचा पासपोर्ट स्वतःच सांभाळणार म्हणून अडून बसला होता. आणि शुक्रवारी सकाळी बघते तर जीन्सच्या मागच्या खिशात.

"पासपोर्ट आहे की कंगवा?" मी म्हटलं. "माझ्याकडे दे."

"आय कॅन हँडल इट, आई."

"हँडल काय हँडल? मंगळवारी काय दाखवशील, रिकामा खिसा? दे इकडे."

त्याने बापाकडे बघितलं. बाप बुटाची नाडी बांधत होता, ती फारच वेळ बांधत राहिला. मुलाने पासपोर्ट माझ्या हातावर ठेवला. गळ्यातल्या पाऊचमध्ये जागा नव्हती, म्हणून मी तो पर्समध्ये ठेवला, तिखटमिठाच्या पुऱ्यांच्या डब्याखाली. चेन ओढली आणि वरून हात फिरवला.

दुपारी जुन्या गावातल्या एका बेकरीत गेलो. तिथे गुलाबी रंगाचा एक गोड टार्ट मिळतो, साखरेत घोळवलेल्या बदामाचा, तो खायचाच होता. बाहेर फरसबंदी गल्लीत चार टेबलं, त्यातलं एकच रिकामं. नवरा पलीकडच्या दुकानात फ्रिजला लावायचं चुंबक बघत होता. मुलगा आत रांगेत उभा राहिला आणि काचेतून मला खुणा करू लागला, हे घेऊ की ते? चष्मा असूनही मला काही दिसेना. मी पर्स टेबलावर ठेवली आणि आत गेले.

हो, ठेवली. मीच. वीस वर्षं मी हेच करत आलेय. दुबईत मॉलच्या फूड कोर्टात टेबल धरायचं म्हणजे टेबलावर पर्स ठेवायची, फोन ठेवायचा, लॅपटॉपसुद्धा, आणि खुशाल रांगेत जाऊन उभं राहायचं. रुमाल टाकून जागा धरावी तितकं साधं. मरीनावर एकदा मी पर्स बाकावर विसरून घरी आले होते. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर तिथल्या वॉचमनने जपून ठेवलेली. वीस वर्षांत सुतळीचा तोडा हरवला नाही. डोक्याने मी लिऑनमध्ये होते, खिसेकापूंची जातकुळी पाठ होती. हाताला मात्र कुणी सांगितलंच नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तीन मिनिटं झाली असतील. बाहेर आले तेव्हा टेबल होतं, पर्स नव्हती.

मी टेबलाखाली वाकले, खुर्च्या उचलल्या, शेजारच्या टेबलावरच्या बाईला मराठीत विचारलं. मुलगा टार्टचा खोका घेऊन बाहेर आला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबला. त्याने फक्त एवढंच विचारलं, "इज इट इन देअर?" मी मान हलवली. त्याने खोका टेबलावर ठेवला आणि गल्लीच्या टोकापर्यंत पळत गेला. परत आला तेव्हा चेहरा पांढराफटक होता.

पोलीस चौकीत दीड तास गेला. मुलगाच बोलत होता, शाळेत शिकलेल्या फ्रेंचमध्ये, अडखळत पण न थांबता. नवऱ्याने भारतीय कौन्सुलेटचा इमर्जन्सी नंबर लावला. तिथल्या माणसाने शांतपणे सांगितलं की शनिवार-रविवार कार्यालय बंद, सोमवारी या. तातडीचा कागद मिळेल, पण त्यावर फक्त भारतात जाता येईल. नवा पासपोर्ट, मग दुबईला परतायचं, ते पुढचं पुढे. म्हणजे मंगळवार गेला. सप्टेंबरही गेला.

आता जे लिहिते आहे ते आजवर एकाच माणसाला सांगितलंय. नवरा फोनवर "ओके, ओके" म्हणत होता, मी भिंतीला टेकून बसले होते, आणि 'सप्टेंबरही गेला' हे मनात आलं तेव्हा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. क्षणभरच. बरं वाटलं मला. पोरगं घरी राहील. दुसऱ्या क्षणाला देवळातलं आठवलं. देवाने शब्द न् शब्द ऐकला होता.

चौकीतून निघून आम्ही नदीकाठच्या एका बाकावर बसलो. ऊन लख्ख होतं, माणसं आइस्क्रीम खात हिंडत होती. नवरा पाणी आणायला गेला. मुलगा पाण्याकडे बघत होता. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाला, "आई, यू डिडन्ट डू इट ऑन पर्पज, राइट?"

"काय बोलतोस तू!" मी इतक्या जोरात ओरडले की पुढून जाणारं जोडपं थबकलं. "स्वतःच्या आईला विचारतोस हे? कळतंय का तुला काय विचारतोयस?"

"सॉरी," तो म्हणाला. "फर्गेट इट."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही. खरंच काही केलं नसतं तर मी रडले असते, ओरडले नसते. मुद्दाम केलं नव्हतं, हे माहीत होतं. होतं ना? पर्स ठेवताना पासपोर्ट आत आहे हे मला आठवत होतं की नव्हतं? मी ती तीन मिनिटं परत परत उलगडून बघत होते आणि प्रत्येक वेळी वेगळं काहीतरी दिसत होतं. मन चिंती ते वैरी न चिंती. नवरा पाणी घेऊन आला, आमच्या दोघांच्या मधे बसला, आणि म्हणाला, "मिळेल. इन्शाल्ला." नेहमी मी त्याला यावरून चिडवते. त्या दिवशी मी मनात तोच शब्द धरून बसले. आणि देवाला म्हटलं, मागचं मागे घेते. त्याला जाऊ दे. एवढं कर.

शनिवारी सकाळी आम्ही नाश्त्याला बसलो होतो, म्हणजे पुढ्यात ठेवून बसलो होतो, तेव्हा रिसेप्शनची मुलगी आली. जुन्या गावातून एका बाईंचा फोन होता. त्यांच्या इमारतीतल्या बोळात, टपालपेट्यांखाली, एक पर्स पडलेली मिळाली. आत या हॉटेलचं कार्ड होतं.

"अजून काय आहे आत?" मी विचारलं. मुलीला तेवढं माहीत नव्हतं.

तिथवरची पंधरा मिनिटं कशी गेली ते माझं मला ठाऊक. चोर पैसे काढून बाकीचं फेकतात, असं नवरा म्हणत होता. पासपोर्ट विकतात, असं मी वाचलं होतं. मुलगा नुसता पुढे चालत होता. ते दार त्याला बरोबर सापडलं. गुरुवारी याच बोळात मी त्याला हाकलतील म्हणून ओरडले होते.

तिसऱ्या मजल्यावर ऐंशीच्या घरातल्या एक बाई. पांढरे आखूड केस, एप्रन, चष्मा साखळीने गळ्यात. माझी पर्स त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली होती. पैसे नव्हते, फोनचा चार्जर नव्हता. पुऱ्यांचा डबा होता. आणि डब्याखाली, जिथे ठेवला होता तिथेच, पासपोर्ट होता. मी तो हातात घेतला, उघडला, फोटो बघितला आणि खुर्चीत बसकणच मारली. रडले. बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पाणी आणून दिलं.

मग त्यांनी डब्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. मुलाने डबा उघडला. पाच दिवसांच्या पुऱ्या, पण तिखटमिठाच्या, त्यांना काय होतंय. आणि तो सांगू लागला. मला एक शब्द कळत नव्हता. 'मा मेर', म्हणजे माझी आई, तेवढं कळलं, कारण ते तीनदा आलं. त्याने ओवा बोटांत चुरून दाखवला, तेलाचं मोहन कसं घालायचं ते हातानेच दाखवलं, पुरी लाटून मुद्दाम टोचे मारायचे म्हणजे ती फुगत नाही आणि टिकते, तेही दाखवलं. मी हे त्याला कधी शिकवलं नव्हतं. ओट्यापाशी अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसायचा तेव्हा बघत असावा. बाईंनी एक पुरी खाल्ली. दुसरी न विचारता उचलली. नवरा मला हळूच म्हणाला, "चालेल गं याचं इथे." माझा नाही म्हणायला जीव होईना. माझ्या पुऱ्यांबद्दल इतकं मन लावून आजवर कुणी बोललं नव्हतं.

जिना उतरताना मी मुलाला थांबवलं आणि पासपोर्ट त्याच्या हातात दिला.

"तूच ठेव. मागच्या खिशात ठेवलास तरी चालेल."

त्याने तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरचं बटण लावलं. तो टार्टचा खोका मात्र आदल्या दिवशी बेकरीच्या टेबलावरच राहिला होता. त्याची चव आम्हाला कळली नाही ती नाहीच.

पण नदीकाठचा प्रश्न तसाच राहिला होता. तो परत काही बोलला नाही, आणि त्याचं ते न बोलणं मला जास्त टोचत होतं. विमानात सहा तास मी वाक्य जुळवत होते. दुबईला उतरलो, स्मार्ट गेटच्या रांगेत आलो. नवरा पुढे निघून गेला होता. मुलगा माझ्या पुढे होता, समोर दोनच माणसं. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"तू विचारलं होतंस ना," मी त्याच्या पाठीला म्हटलं. "मुद्दाम नाही केलं रे. देवाशपथ. पण हरवल्यावर चौकीत एक क्षण मला बरं वाटलं होतं. तू जाणार नाहीस म्हणून. आणि जायच्या आधी देवळात मी मागितलंही होतं तसंच. ते खरं आहे. तुला सांगायला हवं होतं."

तो वळला. काही म्हणणार तेवढ्यात त्याचा नंबर आला. तिथे आत शिरलं की काचेच्या दारांमधे उभं राहून कॅमेऱ्याकडे बघायचं, चेहरा ओळखला की पुढचं दार उघडतं. पासपोर्ट दाखवावाच लागत नाही. तो आत गेला, दार उघडलं, पलीकडे गेला. मागे वळून बघितलं नाही.

मग मी शिरले. कॅमेऱ्याकडे बघितलं. लाल दिवा. परत बघितलं. परत लाल. मागच्या रांगेतल्या कुणीतरी सुस्कारा सोडला. मी दोन दारांच्या मधे उभी, डोळे भरून आलेले, समोरच्या पडद्यावरच्या सूचना वाचता येईनात. वाटलं, ओळखतच नाही मला. इतकं सगळं कबूल करून बसल्यावर बरोबरच आहे म्हणा.

पलीकडून काचेवर टकटक झाली. तो परत आला होता. काचेला तोंड लावून, मोठ्याने, आजूबाजूचे बघतायत याची पर्वा न करता, तो मराठीत म्हणाला, "आई, चष्मा काढ."

मी चष्मा काढला. चष्म्याशिवाय मला दोन हातांपलीकडचं दिसत नाही. पण तो तिथेच उभा आहे, एवढं दिसत होतं.

दार उघडलं.